पाण्यातील प्राणवायू व विहिरी-नदीतील लहान जीव

पाण्याचे मोल बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यास दुसऱ्या कोणी सांगावे असे नाही. १८८५ साली नीरेच्या डाव्या कालव्यास पाणी सुटले. १९२८ साली भाटघरचे मोठे धरण पुरे झाले. १९८० साली भीमेवर उजनीचे धरण उभे राहिले. आणि ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस डोलू लागला. पाणी किती आले, आवर्तने किती मिळाली, पाणीपट्टी किती बसली, याचा हिशेब आपण पैपैने ठेवितो. परंतु आलेले पाणी कसे आहे, याचा हिशेब ठेवणारा शेतकरी विरळा. प्रस्तुत लेखकाचे सारे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. नोंदी वाचणे हाच त्याचा धंदा. तरीही पाण्यात लिहिलेली नोंद त्यास वेळेवर वाचता आली नाही. ती हकीकत प्रथम सांगतो, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल.

एका विहिरीची हकीकत

आमच्या मळ्यात वीस फूट व्यासाची जुनी बांधीव विहीर आहे. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात तीत सतरा फूट पाणी होते. त्या साली गुऱ्हाळ विहिरीजवळच लाविले होते. काहील धुतलेले पाणी व काढलेली मळी एका खड्ड्यात जाई. खड्डा भरला आणि त्यातील पाणी बांधकामाच्या फटीतून विहिरीत उतरू लागले, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवर गेलो तो एरवी तळाशी दडून बसणारे खेकडे पाण्याबाहेर पायऱ्यांवर येऊन बसलेले. गोगलगायी पाण्याच्या रेषेवर भिंतीस चिकटलेल्या. लहान मासे तोंडे वर करून पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकीत होते. गडी म्हणाला, “अण्णा, आज खेकडं आयतीच गावली,” आणि त्याने पाटी भरली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मासे उलटे तरंगू लागले, पाण्यास कुजकट वास सुटला व म्हशीने त्यास तोंड लाविले नाही. विहीर उपसून, गाळ काढून ती पूर्ववत् होण्यास दोन पावसाळे लागले. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. गुऱ्हाळ माझे आणि खड्डाही माझाच. खेकड्यांनी आदल्या दिवशी वर्दी दिली होती; ती मला वाचता आली नाही.

पाण्यातील प्राणवायूची शिल्लक

माणसाप्रमाणे पाण्यातील जीवासही प्राणवायू लागतो, परंतु त्याचा साठा पाण्यात फार थोडा असतो. एक लिटर हवेत प्राणवायू सुमारे अडीचशे मिलिग्रॅमांहून अधिक असतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात तो २० अंश उष्णतेस सुमारे ९ मिलिग्रॅम व ३० अंशास सुमारे साडेसात मिलिग्रॅम एवढाच मावतो. म्हणजे उन्हाळा चढू लागला की साठा घटतो. आणि त्याच वेळी उष्णतेमुळे जिवांची भूक व श्वास वाढल्याने खर्च मात्र वाढतो. जमा कमी व खर्च जास्त, असे हे उन्हाळ्याचे खाते असते.

जमेच्या बाजू दोन. पाणी खडकांवरून खळाळत वाहते तेव्हा हवेतील प्राणवायू त्यात मिसळतो. आणि दिवसा उन्हात शेवाळ व पाणवनस्पती तो सोडितात. रात्री ही दुसरी जमा बंद पडते, परंतु श्वासाचा खर्च चालूच राहतो. म्हणून सूर्योदयापूर्वी प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे दुपारी न मरता पहाटे मरतात याचे कारण हेच. हिरवेगार झालेले पाणी दुपारी तपासले तर उत्तम ठरेल व पहाटे तपासले तर निकृष्ट ठरेल.

खर्चाची मोठी बाब म्हणजे कुजणे. शेण, पाचट, मैला, मळी, साखर असा कोणताही सेंद्रिय पदार्थ पाण्यात पडला की सूक्ष्म जंतू त्यावर तुटून पडतात व तो पचविताना प्राणवायू ओढून घेतात. साखरेचा हिशेब अगदी नेमका मांडिता येतो. एक किलो साखर पुरती कुजण्यास सुमारे ११२० ग्रॅम प्राणवायू लागतो. दर लिटरास साडेसात मिलिग्रॅम धरिले तर हा जवळजवळ दीड लाख लिटर पाण्यातील सगळा प्राणवायू झाला. वीस फूट व्यासाच्या विहिरीतील सतरा फूट पाणी भरते तेही तेवढेच. एक किलो साखर आणि एक विहीर! माझ्या खड्ड्यातून तर किलोंच्या हिशेबाने साखर उतरली होती.

सांडपाण्यास किती प्राणवायू लागेल, या मापास शास्त्रात जैविक प्राणवायूची मागणी म्हणतात. वस्तीच्या सांडपाण्यात ती दर लिटरास सामान्यतः दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम असते. मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवनीच्या सांडपाण्यात, ज्यास स्पेंटवॉश म्हणतात, ती चाळीस हजारांवरही जाते. अशा एक लिटर पाण्यास पाच हजार लिटरांहून अधिक नदीचे पाणी निःसत्त्व करण्याची शक्ती असते. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यास सामान्यतः ३० मिलिग्रॅमांची मर्यादा घालण्यात आली आहे, ती यासाठीच.

चार पायऱ्यांचे जीव

प्राणवायू घटू लागला म्हणजे सर्व जीव एकदम मरत नाहीत. ज्याची श्वासाची सोय नाजूक तो आधी जातो. ज्याची सोय निराळी तो टिकतो, इतकेच नव्हे तर बोकाळतो. परीक्षकाच्या सोयीसाठी त्यांच्या चार पायऱ्या कराव्या.

पहिल्या पायरीवर वाहत्या पाण्यात दगडाच्या पोटाशी राहणारे कीटकांचे बालजीव येतात. शेपटीस बहुधा तीन केसांसारखे तंतू व पोटाच्या दोन्ही कडांस हलणारे कल्ले असलेला चपटा जीव त्यांत मुख्य. पुढे त्याची एक-दोन दिवसच जगणारी नाजूक माशी होते, तीस मेफ्लाय म्हणतात. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणारी अळी हीही याच वर्गातील. यांतील बहुतेक जाती प्राणवायूची तूट सोसू शकत नाहीत.

दुसऱ्या पायरीवर झिंगे, शिंपले, चतुराचे बालजीव, खेकडे आणि शंखाच्या तोंडास झाकण असलेल्या गोगलगायी येतात. यांस थोडी तूट सोसते. शिंपला तर कवाडे मिटून काही काळ तग धरितो. परंतु शिंपल्याची पिले प्रथम माशाच्या अंगास चिकटून वाढतात. मासे गेले की जुने शिंपले दिसत राहिले तरी वंश थांबतो. म्हणून शिंपले मिळाल्यास त्यांत लहान किती व मोठे किती, हे अवश्य पाहावे. नुसतेच म्हातारे शिंपले म्हणजे वारस नसलेला खातेदार होय.

तिसऱ्या पायरीवर तांबडे जीव येतात. काळ्या गाळात राहणाऱ्या न चावणाऱ्या चिलटाच्या तांबड्या अळ्या, आणि गाळात डोके खुपसून शेपूट वर हालविणारे तांबड्या दोऱ्यासारखे कृमी हे ते होत. आपल्या रक्तास लाल करणारे हिमोग्लोबिन यांच्याही अंगी असल्याने अत्यल्प प्राणवायू ते पकडू शकतात. पाण-पिसू नावाचा टिंबाएवढा जीवही प्राणवायू घटला की हेच द्रव्य अधिक तयार करून गुलाबी होतो.

चौथ्या पायरीवरील जिवांस पाण्यातील प्राणवायूची फारशी गरजच नाही, कारण ते वर येऊन हवा घेतात. डासांच्या अळ्या, लांब नळीसारख्या शेपटीने श्वास घेणारी अळी आणि झाकण नसलेल्या फुप्फुसाच्या गोगलगायी या त्यांत येतात. जेथे केवळ तिसरी व चौथी पायरी उरली, तेथे जीव हजारोंनी दिसले तरी पाणी आजारी आहे असे समजावे. जिवांची संख्या पाहून भुलू नये. जाती किती आहेत ते मोजावे.

प्राणवायूच्या तुटीबरोबर दुसरे विषही येते. कुजण्यातून अमोनिया निघतो. आपल्या काळ्या जमिनीच्या मुलखात पाणी अल्कधर्मी असते, व अशा पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो. प्राणवायू पुरता संपला की गाळ काळा पडून कुजक्या अंड्यासारखा वास येतो.

शेतकऱ्यास याचे काय?

किडामुंगीची एवढी काळजी कशास, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गोठ्यात आहे. चौथ्या पायरीवरील फुप्फुसाच्या गोगलगायींच्या काही जाती गुरांच्या यकृतातील पर्णकृमीस व रक्तातील कृमीस आपल्या अंगात वाढवितात. शेणातून कृमीची अंडी पाण्यात जातात, गोगलगाईत त्यांची वाढ होते आणि तेथून रोग पुन्हा गुराकडे येतो. दूषित पाण्याने हा रोग आपोआप उत्पन्न होतो असे नव्हे. परंतु या गोगलगायींस व डासांच्या अळ्यांस खाणारे मासे व कीटक मरतात, आणि त्या मात्र हवा घेऊन जगतात. राखणदार गेला आणि चोर राहिला, अशी ही स्थिती होय. शिवाय नदीकाठच्या विहिरींचा झरा नदीशी जोडलेला असतो. नदीचे दुखणे आज ना उद्या विहिरीत उतरते.

नीरेच्या खालच्या अंगास पाणी काळे पडल्याच्या व मासे मेल्याच्या तक्रारी बारामती व इंदापूर या तालुक्यांतून वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. उसाचा गळीत हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, आणि त्याच सुमारास नदीचा प्रवाह आटतो. म्हणून पातळ करावयास पाणीच उरत नाही. भीमेच्या बाजूस पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व तेथून उजनीत येते. साठलेल्या पाण्यात ते खत होऊन शेवाळ व जलपर्णी माजते. आपल्या उसास घातलेल्या युरियाचा वाहून गेलेला अंशही त्यातच भर घालितो. उजनीत आफ्रिकेतून आलेल्या चिलापीने देशी माशांची जागा बरीच व्यापिली आहे. प्राणवायूची तूट सोसण्यात हा मासा चिवट असतो.

पाहणीची रीत

पाण्याची बाटली भरून तपासली तर त्या घटकेची स्थिती कळते. रात्री सोडलेले घाण पाणी सकाळपर्यंत पुढे निघून जाते. परंतु दगडाखालचा जीव तेथेच राहतो आणि गेल्या कित्येक आठवड्यांत जे जे वरून गेले त्याची साक्ष देतो. जर्मनीत कोल्कविट्झ व मार्सोन यांनी १९०८-०९ साली या साक्षीची पद्धतशीर मांडणी केली. ब्रिटनने १९८० च्या सुमारास जिवांच्या कुळांस एकपासून दहापर्यंत गुण देण्याची रीत बसविली; तीत मेफ्लायच्या नाजूक कुळांस दहा, चिलटाच्या अळीस दोन व गाळातील कृमीस एक गुण मिळतो. शेतकऱ्याने पुढीलप्रमाणे करावे.

१. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत दरमहा एकदा, गुडघ्याएवढ्या वाहत्या पाण्यात पाहणी करावी. संशयित नाल्याच्या वर एक व खाली दोन अशा तीन जागा कायमच्या ठरवाव्या. वरच्या जागेवाचून खालच्या जागेचा निष्कर्ष काढू नये.

२. प्रत्येक जागी मुठीहून मोठे दहा दगड उचलावे. खालच्या प्रवाहास चाळणी धरून दगड ब्रशाने घासावा व आलेले जीव पांढऱ्या थाळीत पाण्यासह ओतावे. मग पायरीनुसार जाती मोजाव्या व जीव परत सोडावे.

३. वहीत तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, वास, फेस व चारही पायऱ्यांच्या जाती अशी सदरे आखावी. शक्य तर सूर्योदयापूर्वी जाऊन मासे धापा टाकितात काय, तेही पाहावे.

४. काळ्या व दुर्गंधी पाण्यात उघड्या जखमेने उतरू नये. हातपाय साबणाने धुवावे.

निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. पुरानंतर किंवा ओढा कोरडा पडल्यानंतरही जीव नाहीसे होतात. तांबड्या अळ्या व कृमी विपुल असतील तर कुजक्या घाणीचा संशय घ्यावा. परंतु कीटक झाडून सारे गेले आणि गोगलगायी व कृमी तेवढे राहिले, तर फवारणीचे औषध पाण्यात गेले असण्याचा संभव अधिक. तेव्हा दुसऱ्याच्या नाल्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपला फवारणीचा पंप कोठे धुतला जातो, हे पाहावे.

उपाय

प्रथम घरचे. उकिरडा, गुऱ्हाळाचा खड्डा व गोठ्याचे गटार विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, उताराच्या खालच्या अंगास न्यावे. मळीचे पाणी खतात जिरवावे. युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा. ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा.

नंतर सहकाराचे. आपल्याकडील साखर कारखाने बहुतांशी सभासद शेतकऱ्यांच्या मालकीचे आहेत. भावाचा प्रश्न आपण वार्षिक सभेत हिरिरीने विचारतो. सांडपाण्याचे काय केले, हाही प्रश्न त्याच सभेत विचारण्याचा आपला हक्क आहे, आणि मालक म्हणून ते कर्तव्यही आहे.

शेवटी सरकारचे. पाण्याच्या प्रदूषणाविषयीचा केंद्राचा कायदा १९७४ चा असून त्याची अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. कायद्यापुढे मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच टिकतो, आपली बाटली टिकत नाही. परंतु अधिकाऱ्याने कोठे व कोणत्या वेळी यावे, हे सांगण्यास आपली वही उपयोगी पडते. “पाणी फार घाण आहे” या अर्जाचे काय होते, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिले आहे. पाच महिन्यांच्या तारीखवार नोंदी जोडलेला अर्ज मात्र सहसा बाजूस सारिता येत नाही.

प्रत्येक गावात एकाने जरी अशी वही येत्या हंगामापासून ठेविली, तरी नीराकाठची गावे परस्परांच्या नोंदी ताडून पाहू शकतील, व घाण कोणत्या दोन गावांच्या मध्ये शिरते हे उघड होईल. आमच्या विहिरीत खेकडे पुन्हा आले आहेत. आता पहाटे तेथे गेलो म्हणजे प्रथम पायऱ्यांकडे पाहतो, आणि त्या रिकाम्या दिसल्या म्हणजे समाधानाने परततो.