दाढेसाठी गॅस द्यावा का?

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. तिची दाढ किडली आहे, पण सुई दिसली की ती खुर्चीतून उठून पळते. डॉक्टर म्हणाले, नाकाला मास्क लावून थोडा गॅस देऊ. भूल म्हटलं की धोका आलाच ना?
– एक आई, राहाता

उत्तर : ही पूर्ण भूल नव्हे. हा गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड. मुलगी जागी राहील, 'तोंड उघड' म्हटलं की उघडेल, फक्त भीती ओसरलेली असेल. हिरडीतली सुई बहुधा टळत नाही. ती टोचलेली तिला फारशी जाणवत नाही, इतकंच. १८४४ मध्ये होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने हाच गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये प्रयोग दाखवताना रुग्ण ओरडला आणि वेल्सची हुर्यो उडाली. गॅस तसा सौम्यच, आणि आपल्याला तेच हवं आहे.

धोका असतो तो ऑक्सिजन कमी पडण्याचा. म्हणून दंतवैद्यकातल्या आधुनिक यंत्रात ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली जाऊ शकत नाही (साध्या हवेत तो २१ टक्के असतो), आणि तो संपला तर गॅस आपोआप बंद होतो. आधी निव्वळ ऑक्सिजन, मग गॅस हळूहळू वाढवत नेतात. काम संपल्यावर पुन्हा साधारण पाच मिनिटं निव्वळ ऑक्सिजन देतात, कारण रक्तातला गॅस झपाट्याने फुप्फुसात परततो आणि तिथल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. ही पाच मिनिटं घाईत गाळू देऊ नका. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लागेल ना, हेही आधीच विचारा; चांगला डॉक्टर रागावणार नाही. दुसरं मत हवं असेल तर लोणीचं दंत महाविद्यालय तुमच्याच तालुक्यात आहे.

आपल्याकडे सहसा कुणी विचारत नाही ती गोष्ट बी-१२ची. हा गॅस शरीरातलं बी-१२ निकामी करतो. धडधाकट मुलाला एका बैठकीने काही होत नाही. पण घर शाकाहारी असेल, मुलगी फिकट दिसत असेल किंवा हातपायांना मुंग्या येत असतील, तर आधी रक्त तपासून घ्या.

सर्दीने नाक चोंदलं असेल तर तारीख पुढे ढकला. गॅस नाकातूनच जायचा आहे. कान दुखत असेल तर तेही सांगा. खाणंपिणं किती तास आधी थांबवायचं, ते डॉक्टरांनाच विचारा. आणि तुम्हाला दिवस गेले असतील तर त्या खोलीत तिचा हात धरायला तिच्या बाबांना किंवा आजीला पाठवा.