चित्रकथेची चौकट आणि चित्रपटाचा पडदा

चित्रकथेवरून काढलेला चित्रपट मूळ कृतीशी प्रामाणिक आहे की नाही, यावर रसिकांत नेहमी वाद होतो. परंतु प्रामाणिकपणा कशाला म्हणावयाचे, हे क्वचितच कोणी ठरवून घेतो. प्रस्तुत लेखात ‘वॉचमेन’ या एकाच उदाहरणावरून मी त्याचा विचार करणार आहे.

अ‍ॅलन मूर यांनी लिहिलेली व डेव्ह गिबन्स यांनी चितारलेली ही चित्रकथा १९८६-८७ मध्ये बारा अंकांत प्रसिद्ध झाली. तिच्या बहुतेक पानांची मांडणी नऊ चौकटींची आहे. झॅक स्नायडर यांचा चित्रपट २००९ साली आला. त्यातील पुष्कळ दृश्ये पुस्तकातल्या चौकटींवरून हुबेहूब घेतलेली आहेत. शेवट मात्र बदलला. पुस्तकात न्यूयॉर्कवर एक कृत्रिम महाकाय प्राणी कोसळतो. चित्रपटात अनेक शहरांत स्फोट होतात व त्यांचा आळ डॉ. मॅनहॅटनवर येतो. यावरून चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणतो, हा मुळावरच घाव आहे. दुसरा म्हणतो, पडद्यावर तो प्राणी हास्यास्पद दिसला असता.

माझ्या मते खरा प्रश्न काळाचा आहे. चौथ्या अंकात मंगळावरच्या डॉ. मॅनहॅटनला भूत, वर्तमान व भविष्य एकदमच दिसतात. पानावर या चौकटी शेजारी-शेजारी असतात. वाचक मागे जातो, पुढे डोकावतो, म्हणजे काही क्षण तोही मॅनहॅटनसारखेच पाहतो. पडद्यावर एक चित्र गेल्याखेरीज दुसरे येत नाही, आणि वेगही प्रेक्षकाच्या हाती नसतो. तेथे दिग्दर्शकाने निवेदन व फिलिप ग्लास यांच्या संगीताचा आधार घेतला.

आपणा सीमाभागातील विद्यार्थ्यांना हे कळणे अवघड नाही. मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद कन्नडात ‘नावु’ या एकाच शब्दात मिटतो. ऐकणाऱ्याला त्यात धरले आहे की नाही, हे भाषांतरकाराला अन्य मार्गाने सांगावे लागते. शब्दास शब्द ठेवणारा तेथे अर्थ गमावतो.

म्हणून, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असूनही, चौकटी किती जुळल्या याचा जमाखर्च मांडून निकाल द्यावा असे मला वाटत नाही. मूळ कृती वाचकाकडून कोणते काम करवून घेत होती, आणि चित्रपटाने त्याची भरपाई कशाने केली, हे तपासावे. या कसोटीला मॅनहॅटनचा प्रसंग उतरतो. मारामारीचे संथगती प्रसंग उतरत नाहीत. पुस्तकात मुखवटेधाऱ्यांची हिंसा वाचकाला अस्वस्थ करते. पडद्यावर ती डौलदार होते. एवढा मोठा बदल शेवटाच्या वादात झाकला गेला.