मिस्त्री जाण्याआधी

चि. सोनू,


काल वहिनींचा फोन होता. तुमच्या फाउंड्रीतले जुने मिस्त्री महिनाअखेरीला स्वेच्छानिवृत्ती घेऊन चालले, आणि तू रात्री जागून वार्षिक अहवालातल्या ‘ज्ञानसंपदे’चे आकडे जुळवते आहेस, म्हणाल्या. किती फायली चढवल्या, किती जणांचं प्रशिक्षण झालं. तेव्हापासून मला चैन नाही. पोरी, त्या मिस्त्रींपाशी जाऊन बसलीस का?

अहवाल हवाच. कामगाराचं कसब ताळेबंदात सहसा मालमत्ता म्हणून धरता येत नाही, म्हणून तर स्वीडनच्या स्कांदिया विमा कंपनीनं 1994 सालच्या वार्षिक अहवालाला बौद्धिक भांडवलाची वेगळी पुरवणी जोडली. पण फायली वाढल्या आणि त्याबरोबर रिजेक्शनही वाढलं, तर ते तुझ्या कुठल्या रकान्यात दिसणार?

जाणत्या माणसापाशी बसून काय मिळतं ते बघ. जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या पाव करायच्या यंत्रात पीठ नीट मळलं जात नव्हतं. तेव्हा 1985 साली त्यांची सॉफ्टवेअरवाली इकुको तानाका ओसाकातल्या एका हॉटेलच्या पाववाल्याच्या हाताखाली राहिली. तो पीठ ताणताना त्याला पीळही देतो, हे तिनं तिथे पाहिलं. मग यंत्र सुधारलं.

आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीत मिस्त्री साच्याची वाळू मुठीत दाबून ढेकूळ मधोमध मोडायचे. कड स्वच्छ तुटली, बोटांचे ठसे राहिले, तळव्याला काही चिकटलं नाही, की साचा भरायला सांगायचे. ओलाव्याचा आकडा लॅबमधून नंतर यायचा. पावसाळ्यात ते काय वेगळं करायचे, हे मला विचारायचं होतं. विशीतलं वय, उद्या विचारू म्हणत राहिलो. ते गेले. अजून सलतं गं.

म्हणून पुन्हा विचारतो, बसलीस का? ‘तुमचं ज्ञान सांगा’ म्हटलं की माणूस गप्प होतो. बिघडलेलं कास्टिंग पुढ्यात ठेव, मग बघ कसे बोलतात. शेजारी एखादा नवा पोरगा उभा कर. आणि अहवालात एवढं खरं लिही, की कुठलं काम आता एकालाच येतं आणि कुठलं कुणालाच येत नाही. साहेबांना आवडणार नाही. तरी लिही.

रागावलो, मनावर घेऊ नकोस. आबांच्या आजारपणात औषधांची वही तूच ठेवलीस, आम्हा मोठ्यांना सुचलं नव्हतं. तुला मी काय शिकवणार! जेवणाची आबाळ करतेस, असंही वहिनी म्हणाल्या. काकूनं मेतकूट आणि कुळथाचं पीठ पाठवलंय. वाटलं तर मिस्त्रींशी बोलायला मी येतो पुण्याला, एसटीनं येईन, तू न्यायला येऊ नकोस. रात्री कधीही फोन कर.

तुझा,
काका