'धरणें' आणि त्याचे इंग्रजी सोबती

परवां वर्गांत मुळशीच्या सत्याग्रहावर इंग्रजी निबंध लिहावयास दिला असतां, 'शेतकऱ्यांनीं आपली जमीन घट्ट धरून ठेविली' या एका वाक्याचीं चार निरनिराळीं भाषांतरें आमच्यापुढें आलीं. व्याकरण चोहोंचेंही शुद्ध होतें. अर्थ मात्र एकाचा दुसऱ्याशीं जुळेना.

एकानें 'ग्रिप' लिहिलें. भातकापणींत विळ्याची मूठ निसटूं नये म्हणून बोटें आवळावीं, तें ग्रिप. जमिनीस लाविल्यानें ढेंकूळच मुठींत धरल्याचा भास झाला. दुसऱ्यानें 'ग्रास्प' योजिलें. हें हाताचें तसेंच बुद्धीचेंही काम, आपल्या 'ग्रहण करणें' सारखें. पण त्यांत आधीं हातीं नसलेली वस्तु हस्तगत करण्याचा भाव येतो, आणि जमीन तर पिढ्यान् पिढ्या त्यांचीच होती.

तिसऱ्याचें 'क्लच' जोरदार खरें, परंतु तो भ्यालेल्याचा शब्द आहे. होडी कलली कीं मूल आईचा पदर धरतें, तें क्लच. (आई त्याला पोटाशीं धरते तें 'क्लास्प', तेथें भीति नाहीं, माया आहे.) १९२१ सालीं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसह मुळशी पेट्यांतील मावळे उभे राहिले, ते भेदरून नव्हे.

चौथ्याचें 'होल्ड ऑन टु' आम्हांस पसंत पडलें. नुसतें 'होल्ड' म्हणजे हातीं असणें. तांब्याही होल्ड करितात. पुढील दोन लहान शब्दांनीं, कोणी ओढीत असतांही न सोडणें, हा अर्थ येतो. 'सत्याग्रह' इंग्रजींत समजावितांना गांधीजींनींही हेंच क्रियापद घेतलें. 'आग्रह' यांतील 'ग्रह्' धातु धरण्याचाच आहे.

यावर एका मुलानें विचारिलें, "पण गुरुजी, जमीन तर गेली!" गेली खरी. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, आणि धरण झालें. परंतु हें क्रियापद धरणाऱ्याची वृत्ति सांगतें, शेवट सांगत नाहीं. जमीन घेणाराचा शब्द निराळा: १८९४ च्या कायद्यांत तो 'अक्वायर' असा सौम्य आहे; ज्याचें शेत गेलें तो 'सीझ' म्हणेल, म्हणजे झडप घालून घेणें. कृत्य एकच, बोलणारे दोन.

मराठींत मात्र मुळेचें पाणी अडवितें तें धरण, आणि न्यायासाठीं अडून बसणें तेंही धरणेंच. हा योग इंग्रजींत उतरविणारा शब्द आम्हांस अद्याप सांपडलेला नाहीं.