लेप लावलेला मदरबोर्ड चालू होत नाही, तेव्हा...



पावसाळ्यात मेसच्या फ्रिजमधली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली, की दोन मिनिटांत तिच्याभोवती तळं साचतं. बाटली गळत नसते. ते पाणी हवेतलं असतं. आजचा आपला सगळा विषय या बाटलीत आहे. फक्त बाटलीच्या जागी मदरबोर्ड आहे असं समजायचं.

इतकी थंडी कशाला?

प्रोसेसरला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मग पंखा पुरत नाही. म्हणून प्रोसेसरवर तांब्याचं उभं भांडं बसवून त्यात कोरडा बर्फ (उणे ७८.५ अंश सेल्सियस) किंवा द्रवरूप नायट्रोजन (उणे १९६ अंश) ओततात. २०११ साली द्रवरूप हेलियम वापरून एएमडीचा प्रोसेसर ८.४२९ गिगाहर्ट्झवर चालवला गेला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये इंटेलच्या प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला, तोही हेलियमच्याच मदतीने.

ही सगळी परदेशातली थेरं वाटतील. पण उणे १९६ अंश मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याला नवीन नाही. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमध्येच ठेवतात. झाकण उघडलं की पांढरा धूर खाली उतरतो, तो आपल्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी पाहिलेला असेल. धूर कसला, तो हवेतल्या बाष्पाचा गोठलेला ढग! हेच बाष्प आपला शत्रू आहे.

पाणी येतं कुठून?

हवा ज्या तापमानाला बाष्प सोडू लागते तो दवबिंदू. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ अंश येतो. म्हणजे तानसा आणि भातसा भरत असतात त्या दिवसांत २६ अंशांपेक्षा थंड असलेली कुठलीही वस्तू ओली होणार. हिवाळ्यात २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू १४ च्या आसपास उतरतो. म्हणून असे प्रयोग आपल्याकडे करायचेच असतील तर जुलैत नव्हे, डिसेंबर-जानेवारीत करावेत.

शुद्ध पाणी विजेचं वाहक म्हणून फारसं चांगलं नाही. पण बोर्डावर धूळ, घामाचे क्षार आणि सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स असतो. तो पाण्यात विरघळला की वीज नको त्या वाटेने जाते. व्होल्टेज चालू असेल तर धातूचे कण एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे सरकून केसासारखे धागे तयार होतात आणि शॉर्ट होतो.

म्हणून बोर्डाला लेप लावतात. कोणी कारखान्यात वापरतात तो ॲक्रिलिक किंवा सिलिकॉनचा लेप लावतो, कोणी नेलपॉलिश, कोणी व्हॅसलिन. सॉकेटच्या भोवती चित्रकलेतलं मऊ खोडरबर दाबून बसवतात. पण गंमत अशी, की जो लेप पाणी अडवतो तोच वीजही अडवतो. ट्रॅकवर तो रखवालदार असतो. सॉकेटच्या आणि स्लॉटच्या संपर्कबिंदूंवर गेला तर तोच चोर होतो.

आमच्या लॅबमधली केस

मागच्या हिवाळ्यात आमच्या डिपार्टमेंटच्या एका ग्रुपने कोरड्या बर्फाचं प्रात्यक्षिक ठरवलं. बोर्ड होता मुरबाड तालुक्यातल्या आमच्या एका मित्राचा. वडिलांनी भेंडीच्या पैशातून घेऊन दिलेला त्याचा एकुलता एक संगणक. सेमिस्टरचं सबमिशन त्याच्यावरच चाललेलं. (त्याने सगळ्या फाइल्स आधीच दुसरीकडे उतरवून ठेवल्या होत्या, हे त्याचं शहाणपण.) ॲक्रिलिकचा लेप लागला, वाळला, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी. बर्फ अजून आलाही नव्हता!

लगेच दोन पक्ष झाले. एक म्हणे, "बोर्ड गेला, भंगारात दे." दुसरा म्हणे, "सगळा लेप ॲसिटोनने धुऊन काढू." मित्र बिचारा गप्प. लॅबमधले काका शांतपणे म्हणाले, "अगं, आधी मोजा, मग बोला." मल्टिमीटर माझ्या हातात दिला आणि वही दुसऱ्याच्या. पुढचा क्रम त्या वहीतून घेतला आहे.

तपासणीचा क्रम

१. वीज पूर्ण तोडा. संगणक बंद असला तरी प्लग लावलेला असेल तर ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालूच असते. प्लग काढा, नंतर बटण काही सेकंद दाबून कपॅसिटर रिकामे करा.

२. थंड केलेला बोर्ड असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग वाळवा. गारठलेला बोर्ड उघड्यावर आणला की त्यावर पाणी आणखी जमतं. सॉकेट आणि मोठ्या चिपच्या खाली पाणी लपतं, म्हणून वरून कोरडा दिसला तरी पंख्याखाली एक दिवस ठेवा. हेअर ड्रायर लांबून आणि कोमट. व्हॅसलिन लावलं असेल तर जपून, कारण ते वितळून खाली सॉकेटमध्ये उतरतं.

३. एसएमपीएस मोजा. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ५ ची ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ ची ३.१४ ते ३.४७ मध्ये. बोर्डावरचा ३ व्होल्टचा गोल सेलही मोजा. आमच्याकडे हे सगळं ठीक निघालं. म्हणजे निम्मे संशयित सुटले.

४. सगळं काढा. बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवून फक्त प्रोसेसर, त्याचा साधा पंखा आणि स्पीकर ठेवा. आता रॅमशिवाय चालू करा. स्पीकरने "रॅम नाही" अशी तक्रार केली तर आनंद माना! तक्रार करायला प्रोसेसर आणि बायोस दोघंही जिवंत असावे लागतात. आमचा बोर्ड लांब-लांब बीप देऊ लागला तेव्हा मित्राने पहिल्यांदा खुर्चीवर टेकून श्वास घेतला. काहीच आवाज आला नाही तर मात्र प्रोसेसरचं सॉकेट, त्याची वेगळी १२ व्होल्टची केबल आणि बायोस यांच्याकडे वळा.

५. एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅमची एकच पट्टी घ्या आणि एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. प्रत्येक वेळी वीज तोडायची, निकाल वहीत लिहायचा. आमच्याकडे पहिल्या स्लॉटमध्ये स्क्रीन काळी, दुसऱ्यात चित्र आलं. पट्टी तीच, बोर्ड तोच; दोष स्लॉटचा.

६. लेप कुठे गेला ते डोळ्यांनी बघा. कारखान्यातल्या बऱ्याच लेपांत चमकणारं द्रव्य मिसळलेलं असतं. अतिनील प्रकाशात ते निळसर दिसतं. नोटा तपासायचा दिवा पुरतो. स्लॉटवर लावलेली चिकटपट्टी एका टोकाला सुटली होती आणि तिथले काही संपर्क निळे चमकत होते. चोर सापडला.

७. तेवढंच साफ करा. वीज तोडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने, थोडं थोडं, खिडकी उघडी ठेवून, आगीपासून दूर. ॲसिटोन स्लॉटच्या प्लॅस्टिकला खाऊ शकतो, म्हणून तिथे नको. सगळा बोर्ड धुतला असता तर चांगला लेपही गेला असता आणि विरघळलेला लेप वाहत जाऊन आणखी चार ठिकाणी बसला असता.

८. साध्या तापमानाला पूर्ण चाचणी घ्या. सगळे स्लॉट, यूएसबी, ग्राफिक्स कार्ड. लेप लावण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. खोलीच्या तापमानाला जो बोर्ड नीट चालत नाही तो उणे ७८ ला चालणार नाही.

आणखी एक सांगते. गारठलेला प्रोसेसर मध्येच थांबला म्हणजे तो मेला असं नाही. काही प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या खाली कामच करत नाहीत, आणि थोडं तापमान वाढलं की पुन्हा सुरू होतात. त्यामुळे थंडीत बंद पडला तर आधी भांड्याचं तापमान वाढवून बघायचं, स्क्रूड्रायव्हर नंतर.

जिवाची काळजी

बोर्ड नवा मिळतो, माणूस नाही. एक लिटर द्रवरूप नायट्रोजनचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. बंद खोलीत तो ऑक्सिजनला बाहेर ढकलतो, आणि त्याला वासही नसतो. कोरड्या बर्फाचंही तसंच. म्हणून होस्टेलच्या खोलीत हा प्रयोग मुळीच नको. लॅबमध्ये, सरांसमोर, खिडक्या उघड्या, हातमोजे आणि चष्मा घालून. आणि असं द्रव घट्ट झाकणाच्या बाटलीत कधीही भरू नका, बाटली फुटते.

आपल्याला याचा उपयोग काय?

आपल्यापैकी फार थोडे जण नायट्रोजन ओतणार आहेत. पण जूनमध्ये आसनगाव स्टेशनवरून भिजत येणारे आपण सगळेच आहोत. लॅपटॉप भिजला तर "चालतोय का बघू" म्हणून बटण दाबू नका. पाण्याने जेवढं बिघडत नाही तेवढं पाणी असताना वीज दिल्याने बिघडतं. वीज तोडा, निघत असेल तर बॅटरी काढा, उलटा ठेवून पंख्याखाली वाळवा. तांदूळ आपल्या तालुक्यात भरपूर पिकतो, पण त्यात लॅपटॉप पुरू नका. भुसा आणि पीठ आत जातं, पाणी मात्र फारसं निघत नाही. तांदूळ मेसवाल्या मावशींकडे द्या.

बंद पडलेलं यंत्र दिसलं की आपण पटकन "गेलं" म्हणतो. पण "गेलं" हा निष्कर्ष आहे, निरीक्षण नाही. पंखा फिरला का, बीप आला का, व्होल्टेज किती, कोणता स्लॉट, ही निरीक्षणं. ती वहीत उतरली की बहुतेक वेळा दोष एका टोकाला, चिकटपट्टी सुटलेल्या जागी सापडतो. आणि कोणाच्या तरी घरचा भेंडीचा पैसा भंगारात जायचा वाचतो.