संमतीची भाषा : बसमधील झडती आणि अप्रत्यक्ष भाषिक कृती

४.१ प्रास्ताविक

बोलणे म्हणजे केवळ माहिती देणे नव्हे. बोलून आपण वचन देतो, आज्ञा करतो, परवानगी मागतो, हे जे. एल. ऑस्टिन यांचे प्रतिपादन आपण मागील घटकात पाहिले. जॉन सर्ल यांनी १९७५ साली याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणून अप्रत्यक्ष भाषिक कृतींचे विवेचन केले. वाक्याचे रूप एक आणि त्यातून घडणारी कृती दुसरी, असे तिचे स्वरूप असते. ‘जरा मीठ देता का?’ हे रूपाने प्रश्न आहे; परंतु ‘हो, देतो’ म्हणून स्वस्थ बसणाऱ्याला आपण विक्षिप्तच म्हणू.

पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा अशी ताटाभोवतीच फिरतात. तेथे गैरसमज झाला तर फार तर भाजी अळणी राहते. या घटकात आपण असे उदाहरण घेणार आहोत की जेथे ‘प्रश्न’ आणि ‘आज्ञा’ यांतील भेदावर माणसाचा तुरुंगवास अवलंबून होता.

४.२ टॅलाहासी येथील प्रसंग

फेब्रुवारी १९९९ मध्ये फ्लोरिडातून डेट्रॉइटकडे निघालेली ग्रेहाउंड कंपनीची बस टॅलाहासी येथे थांबली. चालक तिकिटे घेऊन स्थानकात गेला आणि त्याच्या अनुमतीने तीन पोलीस आत आले. ते साध्या वेशात होते. बिल्ले दिसत होते, शस्त्रे झाकलेली होती. एक जण चालकाच्या आसनावर गुडघे टेकून प्रवाशांकडे तोंड करून राहिला, दुसरा मागच्या टोकाला उभा राहिला, तिसरा आसनांमधल्या वाटेने एकेकाशी बोलू लागला. शेजारी बसलेल्या दोघा तरुणांना त्याने सांगितले की, बसमधून होणारी अमली पदार्थांची आणि बेकायदा शस्त्रांची वाहतूक रोखण्यासाठी ही तपासणी आहे. त्यांच्या अनुमतीने पाहिलेल्या बॅगेत काही सापडले नाही. मग त्याने एकाला विचारले : तुमची अंगझडती घेतली तर हरकत आहे का? तो उत्तरला : अवश्य. आणि त्याने जाकीट उघडले. त्याच्या मांड्यांशी अमली पदार्थांची पाकिटे निघाली. त्याला अटक झाल्यावर दुसऱ्यालाही तोच प्रश्न विचारला गेला. तो काहीच बोलला नाही. त्याने मांडीवरचे हात थोडे वर उचलले. त्याच्याजवळही पाकिटे सापडली.

हा संवाद पुन्हा वाचा. ‘हरकत आहे का?’ या प्रश्नाचे ‘अवश्य’ हे उत्तर शब्दशः घेतले तर त्याचा अर्थ ‘अवश्य हरकत आहे’ असा होतो! तरीही ते उत्तर संमती म्हणूनच घेतले गेले, आणि जाकीट उघडण्याची कृती पाहता ते स्वाभाविकही होते. याचा अर्थ असा की, दोघांनीही प्रश्नाच्या रूपाला उत्तर दिले नाही. त्यामागे त्यांना जी कृती जाणवली, तिला दिले. ती कृती परवानगी मागण्याची होती की आज्ञेची?

या प्रश्नाच्या घडणीत आणखी एक पेच आहे. येथे होकारासाठी ‘नाही’ म्हणावे लागते आणि नकारासाठी ‘हो, आहे हरकत’ असे म्हणावे लागते. अधिकाऱ्यापुढे ‘हरकत’ हा शब्द स्वतःच्या तोंडून उच्चारणे म्हणजे विरोध जाहीर करणे होय. मराठीतील ‘हरकत नाही ना?’ हे रूप तर त्याहून पुढे जाते. ‘ना’ या अव्ययाने अपेक्षित उत्तर आधीच ऐकणाऱ्याच्या तोंडी घातलेले असते.

४.३ न्यायालयाचे भाष्य

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या ‘फ्लोरिडा विरुद्ध बॉस्टिक’ या खटल्यात एक कसोटी घालून दिली होती. बसमधील प्रवाशाला तसेही उतरून जायचे नसते. म्हणून ‘तो निघून जाण्यास मोकळा होता का?’ असे न विचारता, ‘समंजस माणसाला आपण नकार देऊ शकतो असे वाटले असते का?’ असे विचारावे. त्या प्रकरणात एका पोलिसाच्या हातातील पाकिटात पिस्तूल होते. मात्र ते रोखलेले नव्हते. टॅलाहासीच्या प्रसंगावर, म्हणजे ‘संयुक्त संस्थाने विरुद्ध ड्रेटन’ या खटल्यात, २००२ साली सहा विरुद्ध तीन अशा मताने संमती खरी ठरली. पोलीस सशस्त्र असतात हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून म्यानात असलेल्या शस्त्राने सहसा दडपण येत नाही, असे बहुमताचे म्हणणे. न्यायमूर्ती सूटर यांनी भिन्नमत नोंदवताना अरुंद जागा, चालकाची अनुपस्थिती आणि तीन पोलिसांचे स्थान यांवर बोट ठेवले.

भाषाविज्ञानाच्या दृष्टीने मला भिन्नमत अधिक पटते. बहुमताने वाक्याचे रूप आणि बोलणाऱ्याचा सौम्य स्वर यांना जास्त वजन दिले. उलट, शस्त्र सर्वांना ठाऊक असते म्हणूनच ते संदर्भाचा भाग होते. संदर्भ प्रभावी ठरण्यासाठी तो डोळ्यांसमोर असावाच लागतो असे नाही.

४.४ निर्देश आणि विधान

बसथांब्यावरील दुसरे एक प्रकरण वेगळ्या कारणासाठी उपयुक्त आहे. १९९५ साली मायामीत पोलिसांना एक निनावी दूरध्वनी आला : अमुक थांब्यावर चौकड्यांचा शर्ट घातलेला एक कृष्णवर्णीय तरुण उभा आहे, त्याच्याजवळ बंदूक आहे. पोलीस गेले, त्यांना तसा तरुण दिसला, झडतीत बंदूकही निघाली. मुलगा सोळा वर्षांचाही नव्हता. तरीही २००० साली ‘फ्लोरिडा विरुद्ध जे. एल.’ या खटल्यात न्यायालयाने ही झडती एकमताने अवैध ठरवली.

न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचा युक्तिवाद भाषेच्या अभ्यासकाने जपून ठेवावा असा आहे. थांबा, शर्ट, वर्ण ही वर्णने माणूस ओळखण्यापुरती विश्वसनीय आहेत. ती रस्त्यावरच्या कोणालाही दिसतात. परंतु त्यामुळे लपलेल्या बंदुकीविषयीचे विधान विश्वसनीय ठरत नाही. आपल्या परिभाषेत सांगायचे तर निर्देश अचूक असला म्हणून विधान सत्य ठरत नाही. बंदुकीचा धोका मोठा म्हणून तिच्यासाठी हा नियम सैल करावा, ही मागणीही न्यायालयाने फेटाळली. बंदूक सापडली, हे पोलिसांना नंतर कळले. झडतीचे समर्थन मात्र आधीच्या माहितीवरच करावे लागते.

४.५ स्वयंअध्ययनासाठी

१. ‘बॅग दाखवता का?’, ‘दाखवा बघू’, ‘बघितली तर चालेल ना?’ ही तीन वाक्ये (अ) सहप्रवासी, (आ) वाहक, (इ) गणवेशातील पोलीस यांच्या तोंडी कल्पून प्रत्येक वेळी कोणती भाषिक कृती घडते ते लिहा.

२. वरील प्रत्येक प्रसंगी नम्रपणे नकार देणारे एकेक मराठी वाक्य तयार करा. कोणते वाक्य तयार करणे सर्वांत अवघड गेले आणि का, याची नोंद उत्तरासोबत करा.