मुष्टियुद्ध आणि मिश्र मल्लविद्या : प्रेक्षकानें काय पाहावें ?

गेल्या पावसाळ्यांत एके संध्याकाळीं वसतिगृहाच्या व्हरांड्यांत दोघा विद्यार्थ्यांचा वाद चालला होता. एक म्हणे, पाहावयास मुष्टियुद्धासारखा दुसरा खेळ नाहीं. दुसरा म्हणे, जींत ठोसे, लाथा, कुस्तीचे डाव असें सर्व कांहीं चालतें, ती 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' म्हणजे मिश्र मल्लविद्या हीच खरी लढत. मला पाहून दोघेहि क्षणभर गप्प झाले, मग त्यांतील धीट मुलानें विचारिलें, "सर, तुम्हीच सांगा, पाहावयास चांगलें कोणतें?" मीं तेव्हां "विचार करून सांगतों" एवढेंच म्हटलें. तो विचार येथें मांडीत आहें. हे सामने आतां घरोघरीं मोबाइलवर दिसूं लागले आहेत, म्हणून पालकांनींहि हा लेख वाचावा, अशी विनंति आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, या दोन खेळांची तुलना आजची नव्हे. प्राचीन ग्रीस देशांत ऑलिंपिया येथील उत्सवांत इ. स. पूर्वीं ६८८ मध्यें मुष्टियुद्धाचा व इ. स. पूर्वीं ६४८ मध्यें 'पँक्रेशन' या खेळाचा समावेश झाला, असें परंपरा सांगते. पँक्रेशनमध्यें ठोसे, लाथा व पकडी सर्व चालत. चावणें आणि डोळ्यांत बोटें घालणें एवढेंच वर्ज्य होतें. म्हणजे एक खेळ मुठीपुरता मर्यादित व दुसरा जवळजवळ मोकळा, अशी जोडी त्या काळींहि एकाच मैदानांत प्रेक्षकांपुढें होती.

अर्वाचीन मुष्टियुद्ध इंग्लंडांत वाढलें. १७४३ सालीं जॅक ब्रॉटन यानें केलेल्या नियमांत पडलेल्या माणसास मारण्याची मनाई होती. परंतु कमरेच्या वर धरून खालीं पाडणें चालत असे. कोणी खालीं पडला म्हणजे फेरी संपे. त्यामुळें फेऱ्यांस सीमा नसे. १८८९ सालीं अमेरिकेंत जॉन सलिव्हन व जेक किलरेन हे मोज्यांवांचून लढले, ती लढत ७५ फेऱ्या व दोन तासांहून अधिक वेळ चालली. तत्पूर्वींच, १८६७ सालीं, क्वीन्सबेरीच्या मार्क्विसच्या नांवानें नवे नियम प्रसिद्ध झाले होते. ते रचिले होते जॉन ग्रॅहॅम चेंबर्स यांनीं. तीन मिनिटांची फेरी, मध्यें एक मिनिट विश्रांति, हातांत मोजे, कुस्तीस पूर्ण मनाई आणि पडलेल्यास उठण्यास दहा सेकंद, हे त्यांतील मुख्य नियम. पुढें सर्वत्र हेच रूढ झाले.

या नियमांनीं प्रेक्षकास काय दिलें, तें पाहा. लढवय्याच्या हातून बाकीचीं सर्व शस्त्रें काढून घेऊन फक्त दोन मुठी ठेविल्या. शस्त्रें कमी झालीं, परंतु जें उरलें तें सर्वांस स्पष्ट दिसूं लागलें. शेवटच्या रांगेंत बसलेल्या माणसासहि ठोसा लागला कीं हुकला, तें कळतें. मिनिटभराच्या विश्रांतींत प्रेक्षक आपल्या शेजाऱ्याशीं बोलतो, पुढचा तर्क करितो. पंच दहा अंक मोजूं लागला म्हणजे सारें सभागृह त्याबरोबर मोजूं लागतें. १९७४ सालीं किन्शासा येथें महंमद अली हा जॉर्ज फोरमनसमोर दोरांस टेकून मार सोसत राहिला. फोरमन दमत चालला आहे, हें जाणत्यांस ओळखतां येत होतें. आणि आठव्या फेरींत अलीनें त्यास पाडलें, तेव्हां त्या सोसण्याचा अर्थ अडाण्यासहि उमगला.

आतां दुसरी बाजू. १२ नोव्हेंबर १९९३ रोजीं अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं आठ लढवय्यांची एक स्पर्धा झाली. कोणती विद्या श्रेष्ठ, हें ठरवावें, असा तिचा हेतु सांगण्यांत आला होता. तेथें वजनाचे गट नव्हते, गुण देणारे परीक्षकहि नव्हते. आर्ट जिमरसन हा मुष्टियोद्धा एकाच हातांत मोजा घालून उतरला. त्याच्यासमोर होता ब्राझीलचा रॉइस ग्रेसी, दिसावयास सडपातळ. ग्रेसीनें त्यास खालीं पाडलें, तो वर बसला. आणि थोड्याच वेळांत जिमरसननें हार मानली. मोठा ठोसा पाहण्याच्या आशेनें आलेल्या प्रेक्षकांस काय झालें तें नीटसें कळलेंहि नसेल. ग्रेसीनें त्या रात्रीं तिघांस नमविलें व स्पर्धा जिंकली.

पुढें या खेळावर क्रौर्याचा आरोप झाला व अनेक ठिकाणीं त्यास बंदी झाली. तेव्हां त्यासहि नियम स्वीकारावे लागले. २००० व २००१ या सालांत न्यू जर्सी राज्यांत त्यांस एकत्र रूप आलें. वजनाचे गट ठरले. पांच मिनिटांच्या तीन फेऱ्या, व अजिंक्यपदासाठीं पांच, अशी मर्यादा पडली. मुष्टियुद्धाचे मोजे साधारणतः आठ ते दहा औंसांचे असतात. येथें बोटें मोकळीं ठेवणारे चार औंसांच्या सुमाराचे असतात, कारण पकड करावयाची असते. थोडक्यांत, मुष्टियुद्धास शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं जो धडा मिळाला होता, तो या खेळास दहा वर्षांच्या आंत शिकावा लागला.

या खेळाचें खरें आकर्षण अनिश्चिततेंत आहे. एका क्षणीं लाथ, दुसऱ्या क्षणीं पाडणें, तिसऱ्या क्षणीं खालीं पडलेलाच वरच्याचा गळा आवळून विजयी होतो. परंतु याची एक किंमत प्रेक्षकास द्यावी लागते. लढत जमिनीवर गेली म्हणजे अनभिज्ञास दोन माणसें एकमेकांस मिठी मारून पडलेलीं दिसतात, आणि तो ओरडूं लागतो. आपल्याकडील तालमींत वाढलेल्या माणसास हें समजावून सांगावें लागणार नाहीं. १९१० सालीं लंडनमध्यें आपला गामा पहिलवान व पोलंडचा झ्बिस्को यांची कुस्ती झाली. झ्बिस्को अंग जमिनीस चिकटवून अडीच तासांच्या सुमारास पडून राहिला. कुस्ती निकालाविना सुटली. जमिनीवरच्या झुंजींत कौशल्य नसतें असें नव्हे. तें डोळ्यांस लवकर दिसत नाहीं, एवढेंच. म्हणून मिश्र मल्लविद्येंत दोघेहि निष्क्रिय राहिल्यास त्यांस पुन्हां उभें करण्याचा अधिकार पंचास दिला आहे.

मग मुष्टियोद्धा व मिश्र मल्ल यांस एकमेकांशीं लढवून निर्णय कां घेऊं नये, असें कोणी विचारील. तसेंहि करून पाहिलें आहे. १९७६ सालीं टोकियोंत अली व जपानी मल्ल अँटोनियो इनोकी यांची लढत झाली. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारीत राहिला; अलीस ठोसे मारण्यास फारशी संधिच मिळाली नाहीं. पंधरा फेऱ्यांनंतर लढत बरोबरींत सुटली व प्रेक्षक चिडले. २०१० सालीं बॉस्टन येथें मुष्टियोद्धा जेम्स टोनी हा मिश्र मल्लविद्येच्या नियमांनीं रँडी कूटूरशीं लढला, आणि पहिल्याच फेरींत खालीं पडून हरला. २०१७ सालीं मिश्र मल्ल कॉनर मॅकग्रेगर मुष्टियुद्धाच्या नियमांनीं फ्लॉइड मेवेदरसमोर उभा राहिला, आणि दहाव्या फेरींत हरला. ज्याच्या नियमांनीं लढत, त्याचें पारडें जड. यावरून माणसांमध्यें श्रेष्ठ कोण तें ठरत नाहीं. नियम काय करितात तें मात्र कळतें.

येथवर पाहिलें तर माझें उत्तर सोपें आहे. नवख्या प्रेक्षकास मुष्टियुद्ध अधिक सुबोध. अभ्यासू प्रेक्षकास मिश्र मल्लविद्या अधिक विविध. परंतु मला अधिक महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट निराळीच आहे. ती म्हणजे लढत संपते कशी.

मिश्र मल्लविद्येंत सांपडलेला मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हातानें थापटतो. "मी हरलों, सोड," असा त्याचा अर्थ. तत्क्षणीं लढत थांबते, आणि पुष्कळदां दोघे एकमेकांस आलिंगन देतात. यांत कोणास लाज वाटत नाहीं. मोठमोठ्या अजिंक्यवीरांनींहि असें थापटलें आहे. मुष्टियुद्धांत मात्र स्वतः थांबण्यास मानाची जागा जवळजवळ ठेविलेली नाहीं. १९८० च्या नोव्हेंबरांत न्यू ऑर्लिन्स येथें रॉबर्टो डुराननें शुगर रे लेनर्डविरुद्ध आठव्या फेरींत पाठ फिरविली व लढण्यास नकार दिला. तत्पूर्वीं पांच महिन्यांवर त्यानेंच लेनर्डला हरविलें होतें. तरी जगानें त्याची जी हेटाळणी केली, ती अनेक वर्षें पुरली.

या हेटाळणीचें मोल कोण देतो ? १९८२ सालीं लास व्हेगास येथें दक्षिण कोरियाचा तरुण किम डुक-कू हा रे मॅन्सिनीशीं लढतां लढतां चौदाव्या फेरींत पडला. डोक्यास झालेल्या इजेमुळें तो कांहीं दिवसांनीं मरण पावला. त्यानंतर अजिंक्यपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारांवर आणण्यांत आल्या. याच्या उलट एक उदाहरण स्मरणीय आहे. १९७५ सालीं मनिला येथें अली व जो फ्रेझिअर यांची तिसरी लढत झाली. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझिअरचे डोळे सुजून बंद होत आले होते, तरी तो उठण्यास तयार होता. त्याचा शिक्षक एडी फच यानें त्यास उठूं दिलें नाहीं व लढत थांबविली. अजिंक्यपद एका फेरीच्या अंतरावर होतें. त्यानें तें सोडलें व शिष्यास जपलें.

मिश्र मल्लविद्या निर्धोक आहे, असें मात्र मी म्हणत नाहीं. तेथें दहा अंक मोजले जात नाहींत, म्हणून गोंधळलेला माणूस पुन्हां उठून आणखी मार खात नाहीं, हें खरें. परंतु पडलेल्यावरहि पंच थांबवीपर्यंत ठोसे पडतात, हेंहि तितकेंच खरें. डोक्यावरील आघात मोजे पाहून लहान होत नाहींत.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, व्हरांड्यांतल्या त्या प्रश्नास माझें उत्तर असें : दोन्हींपैकीं कोणताहि खेळ पाहा, परंतु आधीं त्याचे नियम शिका; ज्यास नियम ठाऊक नाहींत, त्यास फक्त रक्त दिसतें. दुसरें, पंच व शिक्षक यांच्याकडेहि लक्ष ठेवा. योग्य वेळीं थांबविणें हीहि कला आहे. आणि तिसरें, कोणी हात थापटला अथवा कोणाच्या शिक्षकानें लढत थांबविली, तर आरडाओरड न करितां टाळ्या वाजवा. लढवय्या कोठवर सोसतो, तें पुष्कळदां तो आपल्यासारख्या पाहणारांच्या तोंडाकडे बघून ठरवितो. आपण हंसलों, तर तो आणखी एक फेरी लढावयास उठेल. आणि ती एक फेरी त्यास फार महाग पडूं शकेल.